कॅमेरा न नेलेले यान

१९९८ च्या जानेवारीत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून एक छोटे यान चंद्राकडे निघाले. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखे गोल, उंची सव्वा मीटरच्या आसपास, इंधन भरून वजन जेमतेम ३०० किलो. नाव ‘लूनार प्रॉस्पेक्टर’. या यानाने दीड वर्षाहून अधिक काळ चंद्राभोवती घिरट्या घातल्या आणि तेवढ्या काळात चंद्राचा एकही फोटो काढला नाही. त्याच्यावर कॅमेराच नव्हता.

चंद्रावर जायचे आणि कॅमेरा न्यायचा नाही, हे ऐकायला विचित्र वाटते. पण मोहिमेचे मुख्य शास्त्रज्ञ ॲलन बाइंडर यांचा हिशेब पक्का होता. कॅमेरा रोखून धरायला यान स्थिर लागते. ते स्थिर ठेवायला जास्तीची यंत्रणा लागते, फोटो साठवायला आणि पाठवायला संगणक लागतो, मोठा अँटेना लागतो, वीज लागते. एका कॅमेऱ्यामागून असे सगळे वऱ्हाड येते. शिवाय चंद्राचे फोटो चारच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका यानाने भरपूर काढून ठेवले होते. मग प्रॉस्पेक्टरला भोवऱ्यासारखे मिनिटाला बारा फेऱ्यांच्या गतीने फिरत ठेवले. फिरता भोवरा आपोआप सरळ उभा राहतो, त्याला वेगळ्या आधाराची गरज नसते. यानावर संगणक म्हणावा असा काही नव्हता. हुकूम थेट पृथ्वीवरून जात. बाहेर काढलेल्या तीन लांब दांड्यांवर मोजमापाची उपकरणे बसवली होती. यान, रॉकेट आणि मोहीम चालवण्याचा खर्च मिळून हिशेब झाला ६ कोटी २८ लाख डॉलर. त्याच्या तीन महिने आधी शनीकडे रवाना झालेल्या कॅसिनी मोहिमेचा आकडा तीनशे कोटी डॉलरच्या वर होता.

त्या आंधळ्या यानाला जे दिसले, ते कुठल्याही कॅमेऱ्याला दिसले नसते. चंद्राच्या जमिनीवर अवकाशातून सतत वैश्विक किरणांचा मारा होतो आणि त्यातून न्यूट्रॉन उडतात. ज्याने लहानपणी गोट्या खेळल्या आहेत त्याला पुढचे लगेच कळेल. गोटी मोठ्या दगडावर आपटली तर जवळपास त्याच वेगाने परतते. पण तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या गोटीवर आदळली तर आपला वेग तिला देऊन स्वतः मंदावते. न्यूट्रॉनच्या जोडीची गोटी म्हणजे हायड्रोजनचा अणुगर्भ. जिथून निघणारे न्यूट्रॉन मंदावलेले, तिथे जमिनीत हायड्रोजन आहे. प्रॉस्पेक्टरने मोजले, तर चंद्राच्या दोन्ही ध्रुवांजवळ न्यूट्रॉनांचा हिशेब बदललेला होता. ध्रुवांवरच्या ज्या खोल विवरांच्या तळाशी सूर्य कधीच पोहोचत नाही, तिथे हायड्रोजन साठला असेल तर तो बहुधा पाण्याच्या बर्फाच्या रूपात असणार, असा निष्कर्ष निघाला. इंधन संपत आल्यावर ३१ जुलै १९९९ रोजी यानालाच दक्षिण ध्रुवाजवळच्या एका विवरात आपटवण्यात आले. धुरळा उडेल, त्यात पाणी दिसेल अशी आशा होती. पृथ्वीवरच्या दुर्बिणींना काही दिसले नाही. यानात भूवैज्ञानिक युजीन शूमेकर यांच्या अस्थींचा एक चिमुकला अंश होता. ज्या विवरात ते पडले, ते आज शूमेकर यांच्याच नावाने ओळखले जाते.

स्वस्तातल्या चांद्रमोहिमांची ओळख करून देताना सुरुवात या यानापासून करावीशी वाटते ती एवढ्यासाठी की या विषयातला खरा प्रश्न इथे उघडा दिसतो. काटकसरीची मोहीम आखणारा माणूस आधी काय न्यायचे हे ठरवत नाही, काय न्यायचे नाही हे ठरवतो. त्या नकारांमागे विचार असेल तर थोड्या पैशांत मोठे काम होते. नको ती गोष्ट वगळली गेली तर यान चंद्रावर पडलेला आणखी एक ढिगारा होते. पुढील पानांत ज्या मोहिमांची हकिगत येते, त्या या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात घडल्या आहेत.

आज चंद्राकडे यानांची रांग लागली आहे, पण मध्ये बराच काळ तिथे कोणी फिरकले नव्हते. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे अंतराळवीर परतले. ऑगस्ट १९७६ मध्ये सोव्हिएत लूना २४ ने थोडी माती पृथ्वीवर आणली. त्यानंतर १९९० पर्यंत चंद्राच्या दिशेने एकही मोहीम गेली नाही. अपोलोवर तेव्हाच्या पैशांत अडीच हजार कोटी डॉलर खर्च झाले होते. एवढी थैली पुन्हा कोण मोकळी करणार? चंद्र म्हणजे महासत्तांचे काम, अशी समजूत घट्ट बसली होती.

ती समजूत पहिल्यांदा हलवली जपानने. जानेवारी १९९० मध्ये उडालेले हितेन हे यान मुळात सरावासाठी होते. चंद्राजवळून जाताना त्याच्या गुरुत्वाकर्षणाचा उपयोग करून कक्षा कशी बदलायची, हे त्यातून शिकायचे होते. चंद्राभोवती फिरण्यासाठी त्याच्या सोबत एक चिमुकला उपग्रह दिला होता, त्याचा ट्रान्समीटर बंद पडला. मग प्रश्न आला, हितेनलाच चंद्राच्या कक्षेत नेता येईल का? नेहमीच्या वाटेने जायचे तर तेवढे इंधन शिल्लक नव्हते. अमेरिकेतल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत एडवर्ड बेलब्रुनो हे गणिती अगदी याच प्रकारच्या वाटांवर काम करत होते. त्यांनी सहकारी जेम्स मिलर यांच्यासह एक वळणाची वाट काढून दिली: यान चंद्राच्या कितीतरी पलीकडे सोडून द्यायचे, तिथे सूर्याच्या ओढीला त्याचा मार्ग वाकवू द्यायचा, आणि ते परत येताना इतक्या हळू गतीने चंद्राजवळ पोहोचेल की ब्रेक मारायला इंधन जवळजवळ लागणारच नाही. ऑक्टोबर १९९१ मध्ये हितेन चंद्राच्या पकडीत आले.

यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. यानाच्या खर्चाचा मोठा भाग वजनात असतो आणि वजनाचा मोठा भाग इंधनात. चंद्रापाशी थांबायला इंधन लागते, ते इंधन तिथपर्यंत वाहून न्यायला आणखी इंधन लागते, आणि हे सगळे उचलायला मोठे रॉकेट लागते. गरीब घरची माणसे जे नेहमी करत आली, तेच इथे केले गेले: पैशाच्या जागी वेळ खर्च केला. युरोपच्या स्मार्ट-१ यानाने हे अगदी टोकाला नेले. सप्टेंबर २००३ मध्ये ते दुसऱ्या उपग्रहांसोबत एका मोठ्या रॉकेटच्या उरलेल्या जागेत बसून गेले. त्याचे विजेवर चालणारे झेनॉन वायूचे इंजिन इतके मंद होते की त्याचा जोर हातावर ठेवलेल्या पोस्टकार्डाच्या वजनाएवढा. पृथ्वीभोवती वेटोळे घेत घेत चंद्रापर्यंत पोहोचायला त्याला साडेतेरा महिने लागले. २०२२ मध्ये न्यूझीलंडमधल्या माहिया इथून एका लहान रॉकेटवर निघालेले कॅपस्टोन यानही हितेनसारख्या वाटेने, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर दूर जाणारा हेलपाटा घालून गेले. त्याचे वजन होते २५ किलो. वाटेत त्याच्या एका थ्रस्टरची झडप अडकून ते गरगर फिरू लागले, महिनाभर नियंत्रण सुटले होते. तरी ते सावरले आणि नोव्हेंबरमध्ये ठरलेल्या कक्षेत पोहोचले.

भारताच्या चंद्रयानांनीही हाच सौदा केला. अपोलो ११ ने उड्डाणापासून उतरण्यापर्यंत चार दिवस घेतले, चंद्रयान-३ ने चाळीस. झोपाळा खालच्या टोकाला आला की तेवढ्यापुरता झोका द्यायचा, म्हणजे थोड्या जोरात तो उंच उंच जातो. तसेच यान पृथ्वीच्या सर्वांत जवळ आले की इंजिन थोडा वेळ पेटवायचे आणि प्रत्येक फेरीत कक्षा लांबवत न्यायची. घाई नसेल तर लहान रॉकेटवर चंद्र गाठता येतो.

प्रॉस्पेक्टरच्या आधी ज्या यानाने चंद्राचे फोटो काढून ठेवले होते, ते क्लेमेंटाइन. त्याची गोष्ट थोडी वेगळी आणि काहीशी दुःखद आहे. अमेरिकेच्या क्षेपणास्त्रविरोधी कार्यक्रमासाठी हलके कॅमेरे आणि सेन्सर तयार झाले होते; ते अवकाशात कितपत टिकतात हे पाहायचे होते. त्यासाठी लक्ष्य म्हणून चंद्र निवडला. नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने बावीस महिन्यांत यान उभे केले, सुमारे ८ कोटी डॉलरमध्ये. जानेवारी १९९४ मध्ये ते निघाले आणि दोन महिने चंद्राभोवती फिरून त्याने जवळपास १८ लाख छायाचित्रे पाठवली. साऱ्या चंद्राचा रंगपटांसह नकाशा पहिल्यांदाच हाती आला. पुढे एका लघुग्रहाकडे जायचे होते. पण ७ मे रोजी सॉफ्टवेअरमधल्या चुकीने थ्रस्टर सुरू झाले आणि इंधन संपेपर्यंत सुरूच राहिले. नंतरच्या चौकशीत दिसले की वेळापत्रक इतके घट्ट होते की सॉफ्टवेअरचे काम अपुरे राहिले आणि चालवणारी माणसे थकून गेली होती. म्हणजे त्या मोहिमेत वाचलेला खर्च माणसांच्या झोपेतून वसूल झाला होता.

त्या काळात नासाचे प्रमुख होते डॅन गोल्डिन. ‘लवकर, चांगले आणि स्वस्त’ हा त्यांचा आग्रह. तो चुकीचा नव्हता. प्रॉस्पेक्टर त्यातूनच उभे राहिले. पण मंगळाकडे पाठवलेली दोन याने १९९९ मध्ये लागोपाठ गमावली. त्यातले एक तर केवळ जोर मोजण्याची एकके दोन गटांनी वेगवेगळी वापरल्यामुळे. तेव्हापासून अभियंत्यांमध्ये एक तक्रार ऐकू येते की तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत, दोनच निवडा. चांद्रमोहिमांचा पुढचा इतिहास मात्र या तक्रारीला पुरतेपणी बसत नाही, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण पाण्याचे आहे.

२२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून चंद्रयान-१ निघाले. खर्च ३८६ कोटी रुपये, तेव्हाच्या भावाने साधारण ८ कोटी डॉलर. यानाचा सांगाडा कल्पना-१ या हवामान उपग्रहाच्या सांगाड्यावरून घेतला होता. रॉकेट नेहमीचे, भरवशाचे पीएसएलव्ही. नवे उभारावे लागले ते बंगळुरूजवळ ब्यालालू इथला ३२ मीटर व्यासाचा अँटेना. यानावर अकरा उपकरणे होती, त्यांतली पाच भारताची आणि सहा परदेशांची. पाहुण्यांना जागा देण्यात केवळ सौजन्य नव्हते. ज्यांच्याकडे चांगली उपकरणे होती पण चंद्रापर्यंत न्यायला वाहन नव्हते, त्यांना आपल्या वाहनात बसवून घेतले, आणि त्यांच्या शोधात आपलाही वाटा राहिला. राष्ट्रपती असताना अब्दुल कलाम यांनी सुचवल्यावरून एक ३५ किलोची पेटी चंद्रावर टाकण्याचेही ठरले होते. तिच्यावर तिरंगा रंगवला होता. १४ नोव्हेंबर २००८ रोजी ती यानापासून सुटली आणि २५ मिनिटे खाली पडत राहिली. पडता पडता तिच्यातल्या उपकरणाने चंद्राच्या विरळ वातावरणात पाण्याच्या रेणूंच्या खुणा टिपल्या. ती दक्षिण ध्रुवाजवळ शॅकल्टन विवराच्या परिसरात आपटली.

पुढे सप्टेंबर २००९ मध्ये चंद्रयान-१ वरच्या नासाच्या वर्णपट-उपकरणाचे निष्कर्ष जाहीर झाले. ब्राउन विद्यापीठाच्या कार्ल पीटर्स यांच्या गटाने दाखवून दिले की चंद्राच्या पृष्ठभागावर पाणी आणि हायड्रॉक्सिल यांच्या खुणा आहेत, आणि ध्रुवांकडे त्या ठळक होत जातात. तोवर यान गप्प झाले होते. उष्णतेने आणि ताऱ्यांवरून दिशा ओळखणारे सेन्सर बिघडल्याने ते दोन वर्षांऐवजी ३१२ दिवस चालले. तरी काम झाले होते.

ते निष्कर्ष जाहीर झाल्यानंतर पंधरा दिवसांनी, ९ ऑक्टोबर २००९ ला, नासाने एलक्रॉस ही मोहीम संपवली, आणि संपवली ती आपटवूनच. तिची रचना काटकसरीचा आदर्श म्हणावी अशी आहे. एका मोठ्या ऑर्बिटरच्या रॉकेटमध्ये जागा शिल्लक होती. रॉकेटचा वरचा रिकामा टप्पा, जो एरवी अवकाशात भटकत राहिला असता, तोच तोफगोळा म्हणून वापरायचे ठरले. उपग्रह बसवण्यासाठी जे धातूचे कडे असते, तेच यानाचा सांगाडा झाले. उपकरणे बाजारात तयार मिळणारी घेतली. दोन टनांहून जड रिकामा टप्पा दक्षिण ध्रुवाजवळच्या काबेउस विवरात आदळला. त्यामागोमाग चार मिनिटांच्या अंतराने यान स्वतः त्या धुरळ्यातून खाली गेले, शेवटच्या क्षणापर्यंत मोजमाप पाठवत. त्या धुरळ्यात सुमारे १५५ किलो पाणी सापडले. दहा वर्षांपूर्वी प्रॉस्पेक्टरने जे करून पाहिले होते आणि साधले नव्हते, ते इथे साधले. खर्च ७ कोटी ९० लाख डॉलर.

अपोलोनंतरचा चंद्राविषयीचा सर्वांत मोठा शोध म्हणजे तिथले पाणी. त्याचा सुगावा देणारे, त्याची खूण पटवणारे आणि ते प्रत्यक्ष उडवून दाखवणारे असे तीन टप्पे तीन मोहिमांनी गाठले आणि तिन्ही मोहिमा सहा ते आठ कोटी डॉलरच्या दरम्यानच्या. हे केवळ योगायोगाने झाले असे मानणे अवघड आहे.  हेही सांगितले पाहिजे की एलक्रॉसला रॉकेटचे भाडे पडले नाही, आणि चंद्रयान-१ ला नासाच्या उपकरणाची किंमत मोजावी लागली नाही. स्वस्त मोहिमेच्या पाठीशी अनेकदा एखादी महाग मोहीम किंवा एखादा श्रीमंत शेजारी असतो.

चंद्रयान-३ च्या बाबतीत तर हे आवर्जून सांगायला हवे, कारण त्याचा ६१५ कोटींचा आकडा गावोगाव पोहोचला. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी त्याचा लँडर विक्रम चंद्रावर उतरला, आणि दुसऱ्या दिवसापासून हॉलिवूडच्या चित्रपटांच्या बजेटशी तुलना सुरू झाली. अभिमान रास्त आहे. तुलना मात्र फसवी आहे, आणि ज्यांनी ते यान बांधले त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. चंद्रयान-३ साठी वेगळा ऑर्बिटर लागला नाही, कारण चंद्रयान-२ चा ऑर्बिटर चंद्राभोवती उत्तम काम करत होता. उतरण्याची जागा त्याच्याच कॅमेऱ्याच्या छायाचित्रांवरून निवडली. चंद्रयान-२ वर ९७८ कोटी खर्च झाले होते आणि त्याचा विक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये आपटला होता. त्या अपयशाची किंमत ६१५ कोटींत मिळवली नाही तर हिशेब खोटा ठरतो.

त्या अपयशाचे कारण इस्रोने नंतर खुलेपणाने सांगितले. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा थोडा जास्त पडला, फोटो घेण्यासाठी यान स्थिर ठेवायचे असल्याने चूक लगेच दुरुस्त झाली नाही, ती साचत गेली, आणि उतरण्यासाठी आखून दिलेली जागा अवघी पाचशे मीटर लांबी-रुंदीची होती. यानाने त्या चौकोनात पोहोचायची धडपड केली. त्यामुळे दुसऱ्या वेळी इस्रोचे तेव्हाचे प्रमुख एस. सोमनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळे नीट चालेल असे गृहीत धरणेच सोडले. काय काय बिघडू शकते, याची यादी केली आणि ते बिघडले तरी यान उतरले पाहिजे, असे ठरवले. जागा चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटरच्या आसपास केली. इंधन वाढवले, पाय मजबूत केले, वेग मोजणारे एक लेसर उपकरण वाढवले आणि पाचांपैकी मधले इंजिन काढून टाकले.

इथे काटकसर कुठे थांबली हे पाहण्यासारखे आहे. तपासणीत हात आखडला नाही. कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चळ्ळकेरेजवळ चंद्रावरच्यासारखी विवरे खणून सेन्सर तपासले गेले. तमिळनाडूतल्या नामक्कल जिल्ह्यात सापडणारा एक दगड चंद्राच्या उंच भागातल्या खडकाशी मिळताजुळता आहे; तो दळून कृत्रिम चांद्रमाती तयार केली होती. लँडरला हेलिकॉप्टरला टांगून, क्रेनला लटकवून चाचण्या झाल्या. चाचणी म्हणजे फुकट गेलेला पैसा, असे हिशेबनिसाला वाटू शकते. त्या संध्याकाळी सहा वाजता तोच पैसा कामी आला.

महाराष्ट्राचाही या कामात घामाचा वाटा आहे. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर साखर कारखान्याभोवती वसले. साखर कारखान्यांची यंत्रे बनवता बनवता तिथल्या कारखान्याने इस्रोच्या रॉकेटांचे भाग बनवायला घेतले, त्यालाही आता पन्नास वर्षे झाली. चंद्रयान-३ ला उचलणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या बाजूंच्या दोन भल्यामोठ्या बूस्टरचे भाग तिथे तयार झाले. बूस्टरच्या इतर भागांवर मुंबईत पवईला काम झाले आणि मधल्या टप्प्याची विकास इंजिने विक्रोळीत घडली. अनेक वर्षे तीच माणसे, तीच यंत्रे, तेच भाग पुन्हा पुन्हा बनवत राहिली म्हणून रॉकेट स्वस्त पडते. भारताच्या स्वस्ताईचे कारण शोधणाऱ्याने ‘जुगाड’ हा शब्द बाजूला ठेवून या कारखान्यांच्या लेथवर जाऊन उभे राहावे.

खासगी मंडळींची कहाणी २००७ मध्ये सुरू होते. त्या वर्षी गूगलच्या पैशांवर तीन कोटी डॉलरची बक्षिसे जाहीर झाली: जो खासगी संघ चंद्रावर यान उतरवेल, तिथे पाचशे मीटर फिरवेल आणि चित्रफीत पाठवेल, त्याला पहिले बक्षीस दोन कोटी. बंगळुरूच्या टीम इंडसने उतरण्याच्या तंत्रासाठी २०१५ मध्ये दहा लाख डॉलरचे मधले बक्षीस मिळवले. पण मार्च २०१८ ची मुदत संपली तेव्हा एकही संघ उडाला नव्हता. तरी त्या स्पर्धेने एक बी पेरले. इस्रायलमधल्या तीन तरुणांनी सुरू केलेल्या स्पेसआयएल संस्थेने प्रामुख्याने देणग्यांवर बेरेशीट यान बांधले, सुमारे दहा कोटी डॉलरमध्ये, आणि २०१९ मध्ये एका इंडोनेशियन उपग्रहाच्या सोबतीने पाठवले. ते चंद्राच्या कक्षेत पोहोचले. ११ एप्रिलला उतरताना गती आणि दिशा सांगणारे एक उपकरण बंद पडले, ते सुरू करण्याच्या प्रयत्नात मुख्य इंजिन थांबले. वजन आणि पैसा वाचवण्यासाठी अनेक यंत्रणांना जोडीदार दिलेला नव्हता.

जपानी कंपनी आयस्पेसचे हाकुतो-आर यान एप्रिल २०२३ मध्ये उतरायला निघाले, तेव्हा एका विवराच्या कड्यावरून जाताना जमीन अचानक तीन किलोमीटर खोल गेली. उंची मोजणाऱ्या उपकरणाने ते बरोबर सांगितले. सॉफ्टवेअरला ते अशक्य वाटले आणि त्याने खरे मोजमाप नाकारले. यान पाच किलोमीटर उंचीवर असताना आपण जमिनीवर पोहोचलो असे समजून तरंगत राहिले आणि इंधन संपल्यावर कोसळले. उतरण्याची जागा आराखडा पक्का झाल्यानंतर बदलली होती, नव्या भूभागाचा सराव पुरेसा झाला नव्हता.

२०१८ पासून नासाने एक वेगळा मार्ग धरला. लँडर स्वतः बांधायचे नाहीत. कंपन्यांना ठरीव रकमेत आपली उपकरणे चंद्रावर पोहोचवायचे कंत्राट द्यायचे, पार्सल पोहोचवावे तसे. काही याने पडणार हे नासाने आधीच मान्य केले होते. पहिले पेरेग्रीन जानेवारी २०२४ मध्ये निघाले आणि एका गळक्या झडपेमुळे चंद्रापर्यंत पोहोचलेच नाही. दुसरे ओडिसियस पुढच्याच महिन्यात निघाले. चंद्राच्या कक्षेत गेल्यावर लक्षात आले की उंची मोजणाऱ्या लेसरचा सुरक्षेसाठीचा खटका उड्डाणाआधी उघडायचा राहून गेला आहे. लेसर प्रत्यक्ष चालवून पाहण्याची चाचणी वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी गाळली होती, असे कंपनीच्याच माणसाने नंतर सांगितले. मग शेवटच्या काही तासांत यानावर प्रवासी म्हणून ठेवलेल्या नासाच्या लेसर उपकरणाला कामाला लावण्यासाठी सॉफ्टवेअर लिहून वर पाठवले गेले. त्यातही एक छोटी खूण द्यायची राहिली आणि त्या उपकरणाची मोजमापे वापरलीच गेली नाहीत. यान उंची नीट ठाऊक नसताना उतरले, एक पाय मोडला आणि ते कलंडले. कलंडलेल्या अवस्थेतही त्याने काही दिवस माहिती पाठवली. पन्नास वर्षांहून अधिक काळानंतर अमेरिकेचे यान चंद्रावर उतरले होते, आणि खासगी कंपनीचे तर पहिलेच. कंत्राट सुमारे ११ कोटी ८० लाख डॉलरचे.

२ मार्च २०२५ रोजी टेक्सासच्या फायरफ्लाय कंपनीचे ब्लू घोस्ट यान चंद्राच्या ‘मारे क्रिसियम’ या मैदानात सरळ उभे उतरले. दहा उपकरणे घेऊन गेलेल्या या यानाने चंद्रावरून जीपीएस आणि गॅलिलिओ उपग्रहांचे सिग्नल पकडून आपले ठिकाण शोधले, आणि १४ मार्चला पृथ्वीने सूर्य झाकलेला पाहिला. चार दिवसांच्या अंतराने दुसऱ्या कंपनीचे अथीना दक्षिण ध्रुवाजवळ एका विवरात आडवे झाले, आणि एका दिवसात संपले. त्याच रॉकेटने गेलेले, पाण्याचा नकाशा काढणार असलेले लूनार ट्रेलब्लेझर हे छोटे यान उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवशी अबोल झाले.

स्वस्त यानांची आणखी एक मर्यादा आहे ती रात्रीची. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची असते आणि तापमान उणे १८० अंशांच्याही खाली जाते. तेवढी ऊब धरून ठेवणारी यंत्रणा जड आणि महाग असते, म्हणून ही याने बहुधा एका दिवसापुरतीच जगतात. विक्रमसोबत गेलेल्या प्रज्ञान या चाकांच्या गाडीला २ सप्टेंबर २०२३ ला आणि विक्रमला ४ सप्टेंबरला निजवले, ते पुन्हा उठले नाहीत. जपानच्या स्लिम यानाने मात्र सगळ्यांना चकित केले. जानेवारी २०२४ मध्ये एका इंजिनाचे नोझल निखळूनही ते ठरलेल्या जागेपासून ५५ मीटरवर उतरले, पण नाक जमिनीत खुपसून. त्याने वाटेत सोडलेला मुठीएवढा चेंडू, खेळणी बनवणाऱ्या टॉमी कंपनीच्या मदतीने तयार झालेला, चंद्रावर उघडून स्वतः चालला आणि त्याने त्या उलट्या यानाचा फोटो काढला. रात्रीसाठी बनवलेले नसतानाही स्लिम तीन रात्री काढून पुन्हा जागे झाले.

विक्रम गप्प असला तरी पुरता निकामी झालेला नाही. त्याच्या माथ्यावर नासाने दिलेला एक परावर्तक आहे. पाच सेंटिमीटर रुंद, आठ छोट्या स्फटिकांचा, वजन वीस ग्रॅम. त्याला वीज लागत नाही, ऊब लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या ऑर्बिटरने शंभर किलोमीटर अंतरावरून विक्रमच्या दिशेने लेसरचे झोत सोडले, आणि त्या वीस ग्रॅमच्या तुकड्याने प्रकाश जिथून आला होता, तिथे परत पाठवला.